आर्गनची टॉर्च जोडताना

टिग वेल्डिंग म्हणजे टंगस्टनच्या सळीच्या टोकावर विजेचा आर्क पेटवायचा आणि वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून भोवती आर्गन वायू सोडत जोड मारायचा. आमच्याकडे तिला टिग कुणी म्हणत नाही, 'आर्गन' म्हणतात. आर्गन मारायचंय, आर्गनवाला आला का, आर्गनचं मशीन कुठंय. अमेरिकेतही सुरुवातीला नाव गॅसवरूनच पडलं होतं. १९४१ च्या सुमारास नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत बसवली तेव्हा गॅस हेलियम होता, म्हणून तिला 'हेलिआर्क' म्हणायला लागले. नाव गॅसचं असल्यामुळे एक खोड मात्र लागते. टाका काळा पडला, बीडमध्ये, म्हणजे जोडाच्या पट्टीत, छिद्रं आली की पहिली शिवी गॅसला. 'सिलेंडर भेसळीचा आलाय.' वीसेक वर्षं हे काम करून मला जे दिसलं ते असं की सिलेंडरमधला गॅस बहुतेक वेळा चांगला असतो, हवा त्यात पुढे कुठेतरी शिरलेली असते. आणि ते 'कुठेतरी' बहुधा टॉर्चमध्येच, म्हणजे वेल्डिंग करताना हातात धरतो त्या दांड्यातच, सापडतं.

म्हणून इथे फक्त टॉर्चच्या जोडणीबद्दल लिहितो. समोर वाचक कोण धरलाय तेही सांगतो. रॉडचं वेल्डिंग येणारा, २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन नवीन घेतलेला, आणि त्यासोबत आलेली २६ नंबरची हवेवर थंड होणारी टॉर्च पिशवीतून काढून टेबलावर पसरून बसलेला. काम धरू दुधाच्या लाइनचं: एस.एस. ३०४, म्हणजे स्टेनलेस स्टील, १.६ मिमी जाडीचा पाइप.

टॉर्च म्हणजे दोन वाटा आहेत. एक करंटची, एक गॅसची. बहुतेक २६ नंबरच्या टॉर्चमध्ये या दोन्ही वाटा एकाच काळ्या नळीतून जातात. आत तांब्याची वेणी असते आणि तिच्या भोवतीने आर्गन वाहतो. तोच जाता जाता केबल थंड ठेवतो. नळीला चिरा पडला की दोन गोष्टी एकदम होतात, गॅस गळतो आणि आतलं तांबं उघडं पडतं. त्यामुळे या नळीवर इन्सुलेशन टेप गुंडाळून काम भागवू नका. नळी बदला. आणि गॅस बंद ठेवून 'जरा आर्क लागतोय का बघतो' हेही नको, टंगस्टन जळतंच, केबलही तापते.

नवी टॉर्च असली तरी आधी सबंध नळी हातातून फिरवून बघा. दुकानातून पिशवीत घडी घालून येते, मुठीपाशी तिला कायमची घडी पडलेली असू शकते.

मशीनची बाजू

प्लग काढलेला असू द्या. मशीन स्विचने बंद केलंय एवढ्यावर मी थांबत नाही, प्लग बाहेर आणि तो मला दिसेल असा टेबलावर.

स्टील आणि एस.एस. साठी डी.सी. वापरायचा, टॉर्च मायनसला, जॉबची, म्हणजे जोडायच्या धातूची, क्लॅम्प प्लसला. रॉडच्या माणसाची पहिली चूक इथेच होते. ७०१८ सारखा रॉड मारताना होल्डर प्लसमध्ये असतो, तोच हात सवयीने टॉर्चही प्लसमध्ये खुपसतो. या पद्धतीत मोठा भाग, साधारण सत्तर टक्के, उष्णता प्लसच्या बाजूला तयार होते. म्हणजे टॉर्च प्लसला लावली तर ती उष्णता जॉबऐवजी टंगस्टनवर येते. धार काढलेलं टोक बघता बघता गोळा होतं आणि थेंब होऊन बीडमध्ये पडतं. टंगस्टन वितळायला ३४०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं, यावरून अंदाज करा.

प्लगची पिन खोचून घड्याळाच्या दिशेने पिळायची, घट्ट लागेपर्यंत. या पिनांचे दोन आकार बाजारात आहेत, ९ मिमी आणि १३ मिमी. लहान पिन मोठ्या खाचेत जाते, सैल बसते, आणि चालतेही! दोन दिवसांनी सॉकेटचं प्लास्टिक वितळलेलं दिसतं. टॉर्च विकत घेताना मशीनचं सॉकेट मोजून जा.

आता 'अर्थ'. आपल्याकडे जॉबला लावायच्या क्लॅम्पलाही अर्थ म्हणतात आणि जमिनीत गेलेल्या तारेलाही अर्थच. दोन्ही वेगळ्या. जमिनीची अर्थिंग मशीनच्या बॉडीला प्लगच्या तिसऱ्या पिनेतून येते, ती माणूस वाचवायला. क्लॅम्प म्हणजे वेल्डिंगच्या करंटची परतीची वाट. ती जॉबलाच लावायची, जोडाच्या जितकी जवळ तितकी बरी, गंज-रंग घासून काढलेल्या जागी. शेडच्या खांबाला क्लॅम्प लावून 'सगळं लोखंड एकच आहे' म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यात परतीचा करंट मग मिळेल ती वाट धरतो. त्या टेबलावर कुणाचा ग्राइंडर पडलेला असला तर त्याच्या अर्थच्या बारीक तारेतूनही जातो आणि तिचं इन्सुलेशन जाळतो. ग्राइंडरवाल्याला कळतही नाही की त्याची सुरक्षेची तार आतून गेली.

टॉर्चच्या मुठीवरच्या खटक्याची वायर, म्हणजे बारीक दोन किंवा पाच पिनांचा कनेक्टर, शेवटी लावा. मुठीत गॅसचा कॉक असलेली टॉर्च असेल तर ही वायर नसते आणि गॅस आपण हाताने चालू-बंद करायचा असतो. ती टॉर्च नव्या माणसाला मी देत नाही. बंद करायचा राहून जातो.

सिलेंडर आणि गेज

भारतात आर्गनचा सिलेंडर निळा असतो, पण रंगावर जाऊ नका, लेबल वाचा. रंग उन्हात उडतो, आणि निळ्या-राखाडीत संध्याकाळी फरक कळत नाही. नेहमीचा मोठा सिलेंडर ४७ लिटरचा, १५० बारला भरलेला, म्हणजे साधारण ७ घनमीटर गॅस. मिनिटाला ८ लिटर धरले तर चौदा-साडेचौदा तास आर्क. भरलेला सिलेंडर साठ-सत्तर किलोचा असतो आणि उभ्याचा आडवा झाला, वरचा व्हॉल्व्ह तुटला तर तो सिलेंडर राहत नाही, तोफगोळा होतो. त्यामुळे साखळीने बांधायचा, सुतळीने नाही. गॅस सिलेंडर नियम २०१६ चा अंमल पाहणारी पेसो ही संस्था नागपुरातूनच चालते, तपासणीला माणूस आला तर पहिलं बघतो ते साखळी आणि टोपी.

गेज, म्हणजे दाब कमी करणारा रेग्युलेटर, लावण्याआधी सिलेंडरच्या तोंडाचं सील काढून, स्वतः बाजूला उभं राहून, व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करायचा. एकदा 'फुस्स' झालं पाहिजे. आत बसलेली धूळ उडून जाते, नाहीतर तीच गेजमध्ये जाते. हे करताना तोंडासमोर कुणी नको, हेल्परही नाही.

आर्गनला आटे सुलटे असतात. उलटे आटे जळणाऱ्या गॅसला, ॲसिटिलीनला. जोडाला तेल, ग्रीस, टेफ्लॉन टेप काही लावायचं नाही. पान्याने घट्ट, पण पाइपची नळी घालून पाना लांब करून नाही. रेग्युलेटरची मूठ सैल, मग सिलेंडरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, काटा सरकताना बघत. गेजच्या काचेसमोर उभं राहू नका. माझ्या पाहण्यात काच फुटलेली नाही, तरीही मी बाजूलाच उभा राहतो.

रेग्युलेटरपासून मशीनपर्यंतची नळी आर्गनच्या कामासाठी असते तीच घ्या, घरगुती गॅसची नारिंगी नळी नको. दोन्ही टोकांना क्लॅम्प. तार पिळून बांधलेली नळी दाबाखाली आधी गळते आणि मग निसटते.

गळती बघायला साबणाचं पाणी. भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक जोडावर लावा, मशीनच्या मागच्या निपलवरही. मग दुसरी चाचणी, ही मला जास्त आवडते. सिलेंडर उघडून नळीत दाब भरा, व्हॉल्व्ह बंद करा, खटक्याला हात लावू नका, चहा पिऊन या. काटा तिथेच असेल तर मशीनपर्यंतची वाट बंद आहे. काटा पडला असेल तर साबण पुन्हा. मशीनच्या पुढचं, म्हणजे टॉर्चचं, या चाचणीत कळत नाही, कारण मशीनमधला सोलेनॉइड, म्हणजे खटक्यावर उघडणारा गॅसचा व्हॉल्व्ह, बंद असतो. ते पुढे येतं.

टंगस्टन

टंगस्टन रंगावरून ओळखतात आणि रंग एकाच टोकाला असतो. धार दुसऱ्या टोकाला काढा. रंगाचं टोक घासून गेलं की हातातली सळी कुठली, हे कुणालाच सांगता येत नाही. लाल म्हणजे दोन टक्के थोरियम, सोनेरी दीड टक्का लँथेनम, निळा दोन टक्के लँथेनम, राखाडी सिरियम, हिरवा शुद्ध. जुनी माणसं लालच मागतात आणि लाल चालतंही उत्तम. पण थोरियम किरणोत्सारी आहे. सळी हातात धरून काही होत नाही, धोका धार काढताना उडणारी भुकटी श्वासातून आत जाण्याचा. आमच्या शॉपमध्ये लाल बंद करून सोनेरी आणलं, कामात फरक पडला नाही. तुमच्याकडे लालचा डबा शिल्लकच असेल तर मास्क लावा, भुकटी फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

दुधाच्या पाइपला १.६ मिमीचं टंगस्टन पुरतं. डी.सी. वर ते साधारण ७० ते १५० अँपिअर सोसतं आणि ७० च्या खालीही टोकदार असेल तर आर्क नीट धरतं. २.४ मिमी १५० च्या पुढच्या कामाला. एक मिमी जाडीला ४० अँपिअर हा आडाखा धरला तर १.६ मिमीला ६४ येतात. एस.एस. उष्णता धरून ठेवतं, म्हणून मी ५० ते ६० वर सुरुवात करतो.

धार काढायची ती सळीच्या लांबीच्या दिशेने, पेन्सिलीला टोक काढतो तशी, पण रेघा टोकाकडे जाणाऱ्या. आडव्या रेघा पडल्या की आर्क टोकावरून भरकटतो. उताराची लांबी व्यासाच्या दोन ते अडीच पट, १.६ ला साधारण चार मिमी. सुईसारखं टोक ठेवू नका, शेवटी अगदी बारीक सपाट ठेवा, नाहीतर ते टोक तुटून बीडमध्ये जातं. सळी छोट्या ड्रिलच्या चकमध्ये धरून हळू फिरवली तर धार एकसारखी येते. ग्राइंडरचं चाक टंगस्टनसाठी वेगळं ठेवा. ज्या चाकावर सकाळी एम.एस., म्हणजे साधं लोखंड, घासलं, त्यावर टंगस्टन घासलं तर तेच लोखंड टोकावर बसतं. चष्मा हवाच. हातमोजे मात्र नकोत, फिरत्या चाकाशी मोजा अडकला तर बोटासकट ओढला जातो.

टॉर्चचं डोकं

पिशवीतल्या बारीक वस्तू ओळीने मांडा: कोलेट (टंगस्टन आवळणारी, चिरा असलेली तांब्याची नळी), ते ज्यात बसतं ती कोलेट बॉडी, चिनी मातीसारखं दिसणारं गुलाबी नोझल, मागची कॅप, आणि पांढरी रिंग. नग मागवताना नंबर सांगितला की दुकानदार चुकत नाही. १७, १८ आणि २६ या तिन्ही टॉर्चना एकच सामान लागतं. १.६ मिमीचं कोलेट १०एन२३, त्याची बॉडी १०एन३१. २.४ मिमीला १०एन२४ आणि १०एन३२. लांब कॅप ५७वाय०२. ९ आणि २० नंबरच्या टॉर्चचं सामान लहान, ते यात बसत नाही.

आधी पांढरी इन्सुलेटर रिंग डोक्यावर बसली आहे ना बघा. ही हरवली की नोझल डोक्याला घट्ट बसत नाही, मधून हवा शिरते, आणि एच.एफ. ची, म्हणजे आर्क पेटवायला मशीन सोडतं त्या उच्च वारंवारतेच्या विजेची, ठिणगी टंगस्टनऐवजी आतल्या आत उडते. मग कोलेट बॉडी पुढून फिरवून बसवा. ती सैल राहिली तर करंटची वाट तिथे अरुंद होते आणि डोकं तापतं, म्हणून हाताने घट्ट झाल्यावर पान्याचा एक हलका झटका. त्यावर नोझल, फक्त हाताने. मागून कोलेट सोडा, चिरा असलेली बाजू पुढे. कोलेटमधून टंगस्टन, शेवटी मागची कॅप. कॅप फिरवली की ती कोलेटला पुढे ढकलते, कोलेटच्या चिरा बॉडीच्या उतारात दबतात आणि टंगस्टन आवळलं जातं. यात जोर कॅपच्या आट्यांवर नाही, तांब्याच्या त्या पातळ चिरांवर येतो. बोटांनी जेवढं जाईल तेवढंच. पक्कड लावून आवळलं की कोलेट पिळवटतं आणि दुसऱ्या दिवशी टंगस्टन बाहेरच निघत नाही. पिळवटलेलं कोलेट सरळ करू नका, टाकून द्या.

आवळल्यावर टंगस्टन बोटाने मागे ढकलून बघा, थंड असतानाच. हललं तर कोलेटचा आकार चुकलाय. २.४ च्या कोलेटमध्ये १.६ चं टंगस्टन बसवायचा उद्योग मी स्वतः केलाय, कोलेटभोवती तांब्याची तार गुंडाळून. चाललं पंधरा मिनिटं.

नोझलवरचा आकडा म्हणजे इंचाचा सोळावा भाग. ६ नंबर म्हणजे भोक ६/१६ इंच, साडेनऊ मिमी. ८ नंबर १२.७ मिमी. आपल्या पाइपला ६ किंवा ७. टंगस्टन नोझलच्या बाहेर तीन ते पाच मिमी. कोपऱ्यात पोचत नाही म्हणून ते दहा मिमी बाहेर काढायची वेळ आली तर गॅस लेन्स लावा. कोलेट बॉडीच्या जागी जाळीची बॉडी बसते आणि गॅस फवाऱ्यासारखा न उडता सरळ खांबासारखा खाली येतो. जाळीची बॉडी घेतली तर तिच्यासोबतची रिंग वेगळी असते, जुनी लावू नका. एस.एस. चं काम करणाऱ्याने पहिल्याच महिन्यात गॅस लेन्स घ्यावी असं माझं मत आहे. दुकानदार 'नंतर घ्या' म्हणतो, त्याचं ऐकू नका.

आता मागच्या कॅपबद्दल, कारण माझा सगळ्यात महागडा दिवस तिच्यामुळे गेला. एका डेअरीचं काम होतं, चाळीसेक जोड. सकाळचे सहा जोड चांदीसारखे आले. चहानंतर सातव्यापासून बीड करडी, वर काजळी, टंगस्टनचं टोक निळं-काळं. मी गॅसचा फ्लो वाढवला. आठचा बारा, बाराचा सोळा. वाढवला तसं आणखी बिघडलं. पंखा बंद केला. सिलेंडर बदलला. तो बदललेला सिलेंडरही परत पाठवायची भाषा सुरू झाली. दुपारी हेल्पर पोरगा झाडू मारत होता, त्याने टेबलाखालून एक काळी रबरी रिंग उचलली आणि विचारलं, "दादा, ही टाकू का कचऱ्यात?" करंगळीत जेमतेम जाईल एवढी. मागच्या कॅपची ओ-रिंग. चहाच्या आधी मी टंगस्टन बदललं होतं, कॅप काढताना ती घरंगळली आणि मी तशीच कॅप लावली. गॅस नोझलमधून जोरात बाहेर पडताना मागच्या फटीतून हवा ओढून घेत होता, आणि मी फ्लो वाढवत होतो म्हणजे हवा ओढायला आणखी जोर देत होतो. रिंग बसवली, फ्लो आठवर आणला, पुढचा टाका चकचकीत. दुपारपर्यंतचे जोड कापून परत केले, सामान आणि मजुरी माझ्या खिशातून.

तेव्हापासून कॅप काढली की अंगठ्याच्या नखाने ओ-रिंग फिरवून बघतो. कडक झाली असेल, चिरली असेल तर बदला. खिशात नेहमी चार असतात.

आर्क लावण्याआधी अंगावर

तोंडावर धरायच्या काळ्या काचेचा नंबर ५०-६० अँपिअरला १०, दीडशेच्या वर ११-१२. आपोआप काळी होणारी काच वापरत असाल तर कमी अँपिअरवर तिचा सेन्सर डुलक्या खातो, सेन्सिटिव्हिटी वाढवून ठेवा. डोळ्याला एकदा लागलं की त्रास लगेच होत नाही, रात्री होतो, डोळ्यात वाळू भरल्यासारखं. त्यासाठी डोळ्यात दूध, बटाट्याचे काप, असले उपाय करण्यापेक्षा डॉक्टर गाठा.

टिगमध्ये धूर कमी म्हणून माणूस निर्धास्त होतो, शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवतो. पण धूर नाही म्हणजे किरणांना आडकाठी नाही. एस.एस. चकाकतं, खालून उजेड उसळून हनुवटीखाली आणि मानेवर बसतो. छातीवर व्ही आकाराचा भाजलेला डाग ही आर्गनवाल्याची ओळख आहे. कपडे सुती, नायलॉनचे नको. हातमोजे पातळ कातड्याचे आणि कोरडे. पावसाळ्यात मोजे घामाने ओले होतात, ओला मोजा म्हणजे तारच. खटका दाबल्यावर, आर्क पेटण्याआधी, टंगस्टन आणि जॉबमध्ये साधारण साठ ते ऐंशी व्होल्ट असतात, आणि एच.एफ. चालू असेल तर क्षणभर हजारो व्होल्टची ठिणगी त्यावर. म्हणून टंगस्टन बदलताना मशीन बंदच. एका हातात टॉर्च आणि दुसरा हात उघडा जॉबवर, असं बसू नका. ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याला एच.एफ. च्या मशीनजवळ उभंही करू नका.

जॉब पुसायला ॲसिटोन, तेही वाळू द्या आणि बाटली लांब. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर किंवा ट्रायक्लोरोएथिलीनसारखं डिग्रीझर आर्कच्या जवळ अजिबात नको. आर्कच्या किरणांत आणि उष्णतेत त्यातून फॉस्जिन तयार होतो. हा वायू पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता, आणि थोड्या प्रमाणातही फुप्फुसं निकामी करतो. डब्यावर क्लोरो असं काही लिहिलेलं दिसलं की तो डबा शेडच्या बाहेर.

आणि टाकी. आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असतो, वास नाही, रंग नाही. दुधाच्या टाकीत उतरून काम करताना तो तळाशी साठतो आणि तिथला ऑक्सिजन बाहेर ढकलतो. गुदमरल्यासारखं वाटत नाही, थेट शुद्ध हरपते, तीही एक-दोन श्वासांत. आत हवा फेकणारा पंखा, ऑक्सिजन मीटर, तोंडाशी एक माणूस, आणि जेवायला जाताना टॉर्च टाकीच्या बाहेर. आतला माणूस पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. दुसराही तिथेच पडतो. पाइपमध्ये आतून आर्गन सोडत असाल तर त्याचं दुसरं टोक कुठे उघडतंय तेही बघा.

पहिला टाका

प्लग लावा. मशीनवर प्री-फ्लो (आर्कच्या आधी सुटणारा गॅस) अर्धा सेकंद, पोस्ट-फ्लो (आर्क विझल्यावर सुटत राहणारा गॅस) दर दहा अँपिअरला एक सेकंद, म्हणजे ६० ला ६ सेकंद. फ्लो ८ लिटर. फ्लोमीटरचा गोळा त्याच्या मधल्या रेषेवर वाचा, आणि खटका दाबून गॅस वाहत असतानाच वाचा. रात्रभर बंद असलेल्या नळीत ओल आणि हवा शिरलेली असते, म्हणून सकाळी आर्क न लावता पंधरा-वीस सेकंद गॅस सोडून द्या. मुठीपासून नोझलपर्यंत कान लावून ऐका, नोझलशिवाय कुठूनही सुसू येता कामा नये. टॉर्चची ओ-रिंग, मुठीतला जोड, नळी, सगळं इथे कळतं. कॅपवर साबणाचा थेंब टाकून बघायला हरकत नाही, मात्र नंतर पुसून घ्या आणि मशीन त्या वेळी फक्त गॅस चाचणीवर असू द्या.

मग एस.एस. च्या स्वच्छ तुकड्यावर एका जागी आर्क लावा, तीन सेकंद धरा, सोडा, आणि टॉर्च उचलू नका. गॅस थांबेपर्यंत तिथेच. लोक इथे घाई करतात, खटका सोडला की टॉर्च वर. आता ठिपका बघा. मध्ये चांदी, कडेला फिकट सोनेरी म्हणजे ठीक. करडा, काळा, खरखरीत म्हणजे हवा. टंगस्टनचं टोक बघा. चांदीसारखं हवं. निळं किंवा जांभळं असेल तर पोस्ट-फ्लो कमी आहे. पोस्ट-फ्लो वाढवूनही निळंच असेल तर पुन्हा मागची कॅप, मग नोझलखालची रिंग, मग नळी. सिलेंडर सगळ्यात शेवटी. टोकाला गोळा झाला असेल तर मशीनसमोर जा आणि प्लस-मायनस बघा.

२६ नंबरच्या टॉर्चवर २०० अँपिअर लिहिलेले असतात ते सलग कामाचे नव्हेत. मूठ हाताला चटका देऊ लागली की टॉर्चला आराम द्या. सलग दीडशेच्या वर काम असेल तर पाण्यावरची १८ नंबरची घ्या. तिच्यात आर्क लावण्याआधी पाणी परत येतंय का ते टाकीत डोकावून बघायचं, एवढाच नियम जास्तीचा.

दोन टाक्यांच्या मध्ये टॉर्च जॉबवर ठेवू नका. खटक्यावर नळीचं ओझं पडलं की ती आपोआप पेटते. टेबलाच्या कडेला लाकडाचा किंवा रबर चढवलेला हुक ठोका.

दिवस संपल्यावर सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद, खटका दाबून नळीतला गॅस सोडून द्यायचा, काटा शून्यावर, रेग्युलेटरची मूठ सैल, मग मशीन, मग प्लग. व्हॉल्व्ह बंद करण्याआधी गेजवरचा आकडा खडूने सिलेंडरवर लिहून ठेवतो. काल ९० लिहिले होते. सकाळी उघडल्यावर ८७ आले तर रात्रीच्या गारव्याने तेवढं होतं, काम सुरू करायचं. ७० आले तर व्हॉल्व्हच गळतोय. तो सिलेंडर बाहेर उघड्यावर न्यायचा, त्यावर खडूने मोठी फुली मारायची आणि गाडी आली की परत.